आठ तास दहा मिनिटं

तुम्ही मला कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर सांगा, मी तुम्हाला वेळ सांगतो! ही बढाई नाही, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. बस आगाराच्या वेळापत्रक विभागात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. कुठली गाडी कुठून कधी सुटेल, वाटेत किती थांबेल आणि मुक्कामी कधी टेकेल, हे माझ्या पेन्सिलीशिवाय ठरत नाही. आता गाड्या तशा पोचत नाहीत हा भाग वेगळा. पण तो दोष रस्त्याचा, चालकाचा आणि मध्येच उलटी होणाऱ्या प्रवाशांचा. कागदावर माझी एकही गाडी आजवर उशिरा पोचलेली नाही!

त्यामुळे माझ्या मेहुणीच्या विमानाचं तिकीट जेव्हा बायकोच्या मोबाईलवर आलं, तेव्हा ते तपासून बघण्याचा हक्क साहजिकच माझा होता. मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. आमच्या घरात सगळे तिला ताईच म्हणतात. ती नऊ वर्षांनी येत होती, ती पण नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाहून.

"तिनं वेळ लिहूनच पाठवलीय," बायको म्हणाली. "तिकडून निघणार सकाळी सहा दहाला, इथे पोचणार संध्याकाळी पाच वीसला. आपण साडेतीनला निघू. झालं!"

"झालं कसं?" मी म्हणालो. "पडताळणी नको?"

"नको!"

बायकोचा हा 'नको' जरा जोरात आला, त्याला कारण आहे. नऊ वर्षांपूर्वी ताई जायला निघाली तेव्हा विमानतळावर कधी पोचायचं याचं गणित मी केलं होतं. आम्ही पोचलो, तेव्हा ताई आत गेली होती. बायकोला काचेपलीकडे तिची पाठ आणि निळी बॅग तेवढी दिसली. ती काचेवर टकटक करत राहिली आणि ताई काही मागे वळली नाही. त्यानंतर घरी येईपर्यंत बायको माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण काच काही विसरली नाही.

"अहो, मला एकच हवंय," ती आता हळू आवाजात म्हणाली. "ती दारातून बाहेर येईल तेव्हा मी समोर उभी पाहिजे. तिनं इकडेतिकडे बघायच्या आत मी दिसले पाहिजे. बाकी काही नको मला."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "तू तिथे असशील. माझा शब्द!"

आणि म्हणूनच मी पडताळणीला बसलो.

माळ्यावरून पृथ्वीचा जुना गोल काढला. त्याला वरच्या बाजूला एक पोचा आहे, पण तो बर्फाच्या भागात आहे, तिकडे आपलं कुणी नाही. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेतला. एक टोक ताईच्या विमानतळावर, दुसरं आपल्या. मग तोच दोरा गोलाच्या पोटाभोवती किती वेळा बसतो ते मोजलं. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात, लक्षात ठेवणारे थोडे. उत्तर आलं सहा हजार नऊशे! ताशी नऊशेनं भागलं, सात तास चाळीस मिनिटं. चढायला-उतरायला अर्धा तास. एकूण आठ तास दहा मिनिटं!

मी तिकिटाकडे पाहिलं. सहा दहा ते पाच वीस. म्हणजे अकरा तास दहा मिनिटं!

"तीन तास!" मी ओरडलो. "तीन तास हवा भरलीय!"

सासरे खिडकीशी एका गजराच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. ते आमच्याकडेच राहतात. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलं, पण हात काही बंद झाले नाहीत. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलं, "कशात हवा, जावईबापू?"

"वेळापत्रकात, अण्णा! आम्हीही भरतो. दोन तासांचा रस्ता असला तर अडीच लिहायचे. गाडी उशिरा आली तरी वेळेवर, आणि वेळेवर आली तर चालक चहा प्यायला मोकळा. पण आम्ही अर्धा तास भरतो, हे तीन तास! विमान दोन वीसला येणार. ताई तीन तास तिथे एकटी उभी राहणार आणि आपण घरी आरामात बसलेलो!"

बायकोचा चेहरा उतरला. "पण हल्ली म्हणे विमान कुठे आहे ते फोनवर दिसतं..."

"आमच्या बसचीही वेळ फोनवर दिसते! ती कोण टाकतं? मीच!"

अण्णा एवढंच म्हणाले, "कुणाला तरी विचारून बघा की."

विचारायचं? सव्वीस वर्षं लोक मला विचारत आलेत! मी कुणाला विचारू?

तर दुपारी दीड वाजता आम्ही तिघे विमानतळावर हजर! मी, बायको, अण्णा आणि पिवळ्या फुलांचा एक गुच्छ. बायको कठड्याला अशी चिकटून उभी राहिली की तिच्यात आणि दारात फक्त झाडूवाला होता. तिनं तीनदा केस सारखे केले. अण्णा मागच्या बाकावर मनगटावरच्या घड्याळाला कान लावून बसले.

आणि काय सांगू! दोन वाजून अठरा मिनिटांनी एक विमान घरघरत उतरलं!

"दोन मिनिटं आधीच!" मी बायकोच्या खांद्यावर थोपटलं. "वाऱ्याचा जोर असणार."

लोक बाहेर यायला लागले. गाड्या ढकलणारे, जांभया देणारे, फोन कानाला लावून "हो हो, आलो" म्हणणारे. आणि तेवढ्यात मला ती दिसली. तीच उंची, तेच कुरळे केस, हातात निळी बॅग! मी कठड्याखालून वाकून आत घुसलो, गुच्छ तिच्या हातात कोंबला आणि म्हणालो, "ताई! किती बारीक झालात हो!"

बाई थबकली. तिनं मला बघितलं, फुलांना बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "अय्या! खरंच?" ती म्हणाली.

ती ताई नव्हती. तिचा नवरा चार पावलांवर रिकाम्या हातांनी उभा होता आणि त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते मी इथे सांगत नाही. गुच्छ परत मागायची माझी छाती झाली नाही. बाई फुलं हुंगत गेली, नवरा तिच्यामागून बॅग ओढत गेला आणि जाताना त्याचं "कोण होता तो?" दोनदा ऐकू आलं.

तीन वाजले. बाहेर येणारे संपले. दार बंद झालं.

बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी तडक चौकशीच्या खिडकीकडे गेलो.

"तुमचं विमान चाळीस मिनिटं उशिरा आहे!" मी खिडकीतल्या बाईंना खडसावलं.

"कुठलं विमान, काका?"

मी सांगितलं. त्यांनी समोरच्या पडद्यावर पाहिलं. "ते अजून हवेत आहे."

"तेच म्हणतोय मी! हवेत का आहे? सहा हजार नऊशे किलोमीटर, आठ तास दहा मिनिटं! सकाळी सहा दहाला निघालेलं विमान यावेळी हवेत काय करतंय?"

माझा आवाज जरा चढला असावा. माझ्यामागे एक टॅक्सीवाला पाहुण्याच्या नावाची पाटी धरून उभा होता. त्याचा पाहुणाही त्याच विमानात! तो पाटी खाली टाकून पळाला आणि चहावाल्याला म्हणाला, विमान हवेत अडकलंय. चहावाल्यानं कप विसळता विसळता एका आजोबांना सांगितलं, विमान वाट चुकलंय. आजोबांनी कठड्यापाशी जाऊन जाहीर केलं, विमानाचा पत्ता नाही! तिथे कोण उभं होतं हे वेगळं सांगायला नको.

बायको धावत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "अहो, ताईचं विमान...?" तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे दोन दिवस तिथे बोटांचे वळ होते. खरं सांगतो, त्या क्षणी मी फुशारकी, दोरा, भागाकार, सगळं विसरलो.

"काही झालेलं नाही हो!" खिडकीतल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "विमान व्यवस्थित आहे, वेळेवर आहे! काका, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा तीन तास मागे असतं. म्हणून तुम्हाला..."

"थांबा!" मी हात वर केला. "पुढचं आलं लक्षात!"

आणि इथेच, वाचकहो, मी त्यांना थांबवायला नको होतं, ऐकायला हवं होतं. पण डोक्यात दिवा पेटला की माणसाला दुसऱ्याचा उजेड नकोसा होतो. मी बायकोला बाजूला घेतलं, खिशातून पेन्सिल काढली आणि पार्किंगच्या पावतीच्या पाठीमागे मांडून दाखवलं.

"हे बघ. तिकीट काढलं कुठे? तिकडे! मग त्यावरची वेळ कुठली? तिकडची! आमच्या आगाराच्या तिकिटावर आमचीच वेळ असते की नाही? म्हणजे पाच वीस ही तिकडची वेळ. त्यात तीन तास मिळव. विमान येणार रात्री आठ वीसला!"

"आणि तुमचे ते आठ तास दहा मिनिटं?"

"वाटेत तीन तास थांबत असणार! जेवायला कुठली गाडी थांबत नाही?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग पावतीकडे, मग बंद दाराकडे. आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही जा घरी. ताईच्या खोलीतला नळ गळतोय, तो करा. मी इथेच बसते."

"पाच तास?"

"नऊ वर्षं बसलेय. पाच तासांनी काय होतंय?"

"मीही थांबतो," अण्णा बाकावरून म्हणाले. "घरी तरी काय, गजराचंच घड्याळ."

मी खूप समजावलं. ऐकतील तर शपथ! शेवटी मी एकटाच निघालो. बायकोची पर्स आणि पर्समधला फोन गाडीच्या मागच्या सीटवर राहिला, हे मला अर्ध्या वाटेत कळलं. घराची किल्ली माझ्याच खिशात होती. अण्णा फोन वापरतच नाहीत. जे यंत्र मधेच ओरडतं ते बिघडलेलं, असं त्यांचं धंद्यातलं मत आहे. पण काळजीचं कारण नव्हतं. आठ वीसच्या आत मी परत जाणारच होतो की!

घरी आलो. नळ दुरुस्त केला. म्हणजे आधी थेंब थेंब गळत होता, तो बारीक धारेनं वाहायला लागला, तेव्हा खाली बादली ठेवली. ताईच्या पलंगावर नवी चादर घातली. तिच्यावर जरा पडून बघितलं, तर तासभर डोळा लागला. साडेसहाला ताजातवाना होऊन निघालो. वेळापत्रकवाल्या माणसानं तासभर आधी पोचावं, हा माझा नियम. वाटेत दुसरा गुच्छ घेतला, या वेळी लाल.

पेट्रोल पंपापाशी सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा पलीकडच्या बाजूनं एक टॅक्सी गेली. मागच्या सीटवर दोघीजणी एकमेकींच्या अंगावर रेलून खो खो हसत होत्या. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून हात हलवला. काय मनमिळाऊ लोक असतात काही! मीही हात हलवला. हसणाऱ्या माणसांकडे बघून बरं वाटतं, नाही का?

विमानतळावर कठड्यापाशी बायको नव्हती. बाकावर अण्णा नव्हते. मला वाटलं, खायला गेले असतील. मी बायकोची जागा धरली, तिच्यासारखाच कठड्याला चिकटून उभा राहिलो. म्हटलं, ती येईपर्यंत जागा जायला नको, तिचा हट्ट आहे समोर उभं राहायचा. साडेसात झाले. पावणेआठ झाले. मधेच टॅक्सीवाल्याची पाटी दिसते का ते बघितलं. तोही नव्हता. बेजबाबदार लोक! पाहुणा हवेत आणि हे गायब!

आठ वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. आमच्या शेजारच्या काकूंचा नंबर.

"हॅलो, काकू, मी जरा विमानतळावर..."

"भाऊजी!" पलीकडून आवाज आला. नऊ वर्षांत तो जराही बदलला नव्हता. "किल्ली कुठाय हो?"

"ताई? तुम्ही... तुम्ही तर हवेत आहात!"

"मी तुमच्या जिन्यात आहे! तासभर झाला! पाच वीसला उतरले मी!"

मागून तिघांच्या हसण्याचा असा काही स्फोट झाला की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यातला बायकोचा आवाज मी ओळखला. पण असा हसताना तो मी फार वर्षांत ऐकला नव्हता.

मी घरी पोचलो तेव्हा ती तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. काकूंनी चहा दिला होता, कप पायरीवर रांगेत. दोघी बहिणी एकाच पायरीवर, एकाच शालीत. ताईच्या बॅगेवर अण्णा बसले होते. मी लाल गुच्छ पुढे केला. ताई म्हणाली, "पिवळा कुणाला तरी दिलात म्हणे?"

म्हणजे सगळं सांगून झालं होतं!

"पण एक फोन नाही का करायचा?" मी बायकोवर जरा डाफरलो. "विमानतळावर कुणाचाही मागून घ्यायचा! माझा नंबर पाठ आहे तुला!"

"आहे की पाठ," बायको म्हणाली. "मुद्दाम नाही केला."

"मुद्दाम?"

"पेट्रोल पंपापाशी तुमची गाडी दिसली, तेव्हा टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मीच म्हटलं, नको देऊ. जाऊ दे त्यांना. म्हटलं, तासभर आम्ही दोघीच बसू." तिनं शाल ताईच्या खांद्यावर ओढली. "फक्त किल्लीचं लक्षात राहिलं नाही."

"आणि पाच वीसला येणार हे तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

अण्णा बॅगेवरून म्हणाले, "तुम्ही गेलात, मी खिडकीशी गेलो. विचारलं, बाई, ही पाच वीस कुठल्या घड्याळाची? त्या म्हणाल्या, इथल्या. निघायची वेळ तिथली, पोचायची इथली. अर्धं मिनिट लागलं, जावईबापू."

मी कुलूप उघडायच्या नादात पाठ फिरवली, कारण मला एकदम वाईट वाटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी चुकलो आणि आजही चुकलो. तेवढ्यात बायको मागून आली आणि माझ्या हातातली किल्ली घेत म्हणाली, "दार उघडलं ना, ती बाहेर आली, आणि तिनं मान वर केली तर मी समोर. तिला इकडेतिकडे बघावंच लागलं नाही. एवढ्या गर्दीत मला पहिल्या रांगेत जागा का मिळाली माहितीये? मी जवळजवळ चार तास आधी येऊन उभी होते म्हणून. तुमच्यामुळे!"

मी लगेच सावरलो. छाती काढून ताईला विचारलं, "ताई, खरं सांगा. विमान एकूण किती वेळ हवेत होतं?"

ताईनं क्षणभर आठवलं. "आठ तास दहा मिनिटं म्हणाले होते."

"ऐकलंत!" मी जिन्यात ओरडलो. "आठ तास दहा मिनिटं! दोऱ्यानं मोजलं होतं मी! लाल दोऱ्यानं!"

पण तोवर सगळे घरात गेले होते आणि आतून बायकोचा आवाज आला, "अहो, इथे पाणी कसलं साचलंय?"

महिनाभर ताई राहिली. दोघी बहिणींनी घर डोक्यावर घेतलं. जायच्या आदल्या दिवशी ताईचं परतीचं तिकीट टेबलावर पडलेलं होतं. बायकोनं ते माझ्या डोळ्यांदेखत उचललं आणि अण्णांच्या हातात दिलं. विमानतळावर कधी पोचायचं ते या वेळी अण्णाच ठरवणार होते. मी फक्त त्यांच्या खांद्यावरून सहज नजर टाकली. निघणार सकाळी दहाला, पोचणार दुपारी तीन दहाला. म्हणजे पाच तास दहा मिनिटं! तोच रस्ता, तेच सहा हजार नऊशे किलोमीटर, येताना आठ तास दहा आणि जाताना पाच तास दहा!

माझा हात पेन्सिलीकडे गेला. पण मी तो मागे घेतला. माणसानं चुकांतून शिकायला हवं. या वेळी मी दोरा काढला नाही, भागाकार केला नाही. सरळ सगळ्यांसमोर, नम्रपणे विचारलं:

"ताई, जाताना उतार लागतो का हो?"